ठासणीची बंदूक आणि तिची दारू

(पांढरकवडा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'दारू' असा फळ्यावर वाचून काही मंडळी व्यसनमुक्तीचे भाषण ऐकावयाच्या तयारीने आली असतील, तर तो दोष त्यांचा नाही; आपल्या भाषेचा आहे. तिने एकाच शब्दात दोन जिनसा कोंबल्या. दोन्ही जपून न ठेवल्यास घर जाळतात, एवढे साम्य मात्र खरे. मी बोलणार आहे ते बंदुकीच्या दारूविषयी, आणि त्यातही एका लहानशा प्रश्नाविषयी : जुन्या धर्तीच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत कोणती दारू घालावी? अस्सल काळी दारू, की तिच्याऐवजी दुसरे काही?

प्रश्न जुनाट वाटेल. परंतु केळापूर तालुक्यात तो जुनाट नाही. कपाशी, तूर, ज्वारी, सोयाबीन ही आपली पिके, आणि शिवाराला लागून जंगल. रात्री रानडुकरांचा कळप तुरीत शिरला की सकाळी शेतकऱ्याला उभे पीक नव्हे, तुडवलेली माती दिसते. रोह्यांचे तसेच. म्हणून जागल करावी लागते, आणि जागलीला जाणारा माणूस आपल्याबरोबर कंदील, काठी, कुत्रा आणि जमल्यास बंदूक घेऊन जातो. २०१८ साली पांढरकवडा आणि राळेगाव भागात एका वाघिणीच्या दहशतीने हीच जागल किती अवघड होऊन बसली होती, हे आपणांस मी सांगावे असे नाही. ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली; रानडुकरे मात्र राहिली.

कायद्यानेही ही गरज ओळखलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या कामासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा बंदुकीने काम भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच त्या कामासाठी दुसऱ्या प्रकारची गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती कायद्याने पहिल्याने ठेवलेले हत्यार हेच आहे. सरकारी कागदात एखादी जुनी वस्तू अशी टिकून राहते, आणि मग त्या वस्तूबरोबर तिचे सारे जुने शास्त्रही टिकवावे लागते. नेमके तेच शास्त्र गावातून नाहीसे होत चालले आहे. आजोबांना बार भरता येत असे; नातवाला बंदूक वारशाने मिळाली, विद्या मिळाली नाही.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून प्रथम दारू, तिच्यावर चिंधीचा वा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा अशी भरती होते आणि सारे गजाने ठासले जाते. मागील बाजूस टोपी बसवितात. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. टोपी येण्यापूर्वी गारगोटीच्या ठिणगीने किंवा जळत्या तोड्याने रंजक पेटवीत. एप्रिल १८१८ मध्ये याच पांढरकवड्याच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याची कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेशी गाठ पडली, तेव्हा दोन्ही बाजूंकडील प्रत्येक बंदुकीत आणि तोफेत एकच दारू होती : सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू. निराळी दारू तेव्हा जगात कोणाकडेच नव्हती.

या काळ्या दारूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ती रासायनिक संयुग नाही, मिश्रण आहे. आणि तिचा दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. दाणा बारीक तर ज्वलन जलद, दाणा जाड तर मंद. म्हणून तोफेची दारू जाड, बंदुकीची मध्यम आणि रंजकाची अगदी बारीक असे. ती सहज पेटते. लहानशी ठिणगी पुरते. परंतु ठासणीच्या नळीत योग्य मापाने भरली असता तिचा दाब एका मर्यादेत राहतो, आणि जुन्या कारागिरांनी नळ्या घडविल्या त्या या मर्यादेचा अंदाज धरून. तिचा दुर्गुणही असाच ठळक आहे. जळाल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या आणि क्षारांच्या रूपाने मागे उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो, उरलेला नळीला चिकटतो. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात आणि लोखंड खातात. पावसाळ्यात रात्री बार काढला आणि बंदूक तशीच खुंटीला टांगली, तर थोड्याच दिवसांत नळीच्या आतून तांबूस पूड निघू लागते.

आता पर्यायांकडे येतो. पर्याय तीन प्रकारचे आहेत, आणि ते एकमेकांपासून काळजीपूर्वक वेगळे करावयास हवेत.

पहिला पर्याय पाश्चात्त्य देशांतला. अमेरिकेत जुन्या धर्तीच्या बंदुकांनी नेमबाजी आणि शिकार करण्याचा छंद मोठा आहे. तेथील नियमांनी काळ्या दारूची गणना स्फोटकांत केल्याने दुकानदारास ती ठेवण्यासाठी खास कोठार बांधावे लागे, आणि पुष्कळ दुकानांनी ती विकणेच सोडले. तेव्हा १९७० नंतरच्या दशकात डॅन पावलक या संशोधकाने 'पायरोडेक्स' नावाची पर्यायी दारू तयार केली. ती पेटावयास अधिक उष्णता लागते, म्हणून साठवणुकीस तुलनेने सुरक्षित. तरी तिच्याच कारखान्यातील आगीत १९७७ साली पावलक आपल्या सहकाऱ्यांसह मृत्यू पावला. पुढे गंधक वगळून, साखरेसारखी सेंद्रिय द्रव्ये वापरून केलेल्या दारूही निघाल्या. त्यांचा धूर कमी, दुर्गंधी कमी, नळी पाण्याने लवकर स्वच्छ होते.

हे सारे गुण खरे आहेत. पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक तर, जी दारू पेटावयास अधिक उष्णता मागते ती टोपीच्या बंदुकीत चालते, पण गारगोटीच्या आणि तोड्याच्या बंदुकीत बहुधा फुसका बार देते; तेथे अस्सल काळ्या दारूस आजही तोड नाही. दुसरे, ही दारू वजनाने मोजावयाची नसते, आकारमानाने मोजावयाची असते. काळ्या दारूच्या मापाने ती घ्यावयाची, तराजूने नव्हे, कारण तिची घनता वेगळी. त्यातही काही प्रकार इतके जोरकस आहेत की त्यांचे निर्मातेच माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी करावयास सांगतात. तिसरे, यांतील काहींत पर्क्लोरेट असते आणि त्याचा उरलेला क्षार मिठासारखाच लोखंडाला बाधतो. तेव्हा 'ही दारू वापरली की साफसफाई नको' हा समज खोटा आहे. आपल्याकडे ही दारू सर्रास मिळत नाही. कोणा परदेशस्थ नातेवाइकाने सामानातून आणून देऊ केली, तर ती घेऊ नये. विमानातून असे द्रव्य आणणे हाच गंभीर गुन्हा आहे.

दुसरा पर्याय हा पर्याय नव्हेच. तो मृत्यू आहे, असे मी जरा कठोर शब्दांत सांगतो. तो म्हणजे काडतुसातील धूररहित दारू. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने ती सिद्ध केली. ती मिश्रण नसून मुख्यतः नायट्रोसेल्युलोज आहे. रंगाने ती कधी करडी, कधी हिरवट, कधी काळीही दिसते, आणि येथेच घात होतो. एखाद्याकडे बारा बोअरची जुनी, न उडालेली काडतुसे असतात. काळी दारू संपलेली, दुकान लांब यवतमाळला किंवा नागपूरला. मग काडतूस उकलावे, आतली दारू ठासणीच्या बंदुकीत नेहमीच्या मापाने ओतावी, असा विचार येतो. या दारूचे मर्म असे की बंद जागेत दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि अधिक वेगाने जळली की दाब पुन्हा वाढतो. काडतुसाच्या बंदुकीची पोलादी नळी आणि तिचा मागील भाग हा दाब सोसण्यासाठी घडविलेला व तपासलेला असतो. ठासणीची जुनी नळी कित्येकदा लोखंडी पट्टी वळवून, सांधून केलेली. मागे एक पेचदार बूच. तेच बूच मग बंदूकधाऱ्याच्या कपाळाच्या दिशेने सुटते, किंवा नळी फुटून डाव्या हाताची बोटे जातात. 'थोडीशी घातली तर?' असे विचारणारे भेटतात. थोडीशीही नाही. दोन्ही दारूंचे मिश्रणही नाही.

तिसरा पर्याय गावात सर्वांत अधिक चालतो, आणि म्हणून त्यावर मी अधिक वेळ घेणार आहे. तो म्हणजे हाती लागेल ते : दिवाळीच्या फटाक्यांतून काढलेली दारू, आगपेटीच्या काड्यांचे गुल, किंवा कोणा 'जाणत्या'ने घरी केलेली पूड. फटाक्याची दारू बंदुकीसाठी केलेली नसते. ती एका क्षणात मोठा आवाज करण्यासाठी केलेली असते, छर्रे ढकलण्यासाठी नव्हे. तिच्यात कोणती धातूची पूड आणि कोणता क्षार आहे हे वेष्टनावरून कळत नाही. काडीच्या गुलात क्लोरेट असते. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण नुसत्या घासण्याने किंवा ठोकण्याने भडकू शकते, आणि ठासणीच्या बंदुकीत दारू भरण्याची क्रियाच मुळी गजाने ठोकण्याची आहे! हे मिश्रण इतके बेभरवशाचे आहे की केंद्र शासनाने १९९२ साली अधिसूचना काढून त्याचे उत्पादन, बाळगणे आणि आयात यांवर बंदी घातली. तेव्हा काड्यांचे गुल खरवडून बंदुकीत भरणारा माणूस जिवावर उदार होतोच, शिवाय कायद्याच्या कचाट्यातही सापडतो.

घरी दारू करण्याविषयी एवढेच सांगतो. सिंहगडाच्या दारूकोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली, आणि त्या स्फोटात गडाच्या फडणिसांचे घर माणसांसह नाहीसे झाले. ते जुने झाले म्हणावे, तर डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळच्या बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन कामगार दगावले. जेथे शिकलेले रसायनज्ञ आहेत, तांब्यापितळेची ठिणगी न पाडणारी हत्यारे आहेत, इमारतींमध्ये मोजून अंतर ठेवलेले आहे, तेथे हे घडते. आपल्या माजघरात चुलीपासून चार हातांवर खलबत्ता घेऊन बसणाऱ्याने स्वतःस त्यांच्यापेक्षा शहाणे का समजावे? परवान्याविना स्फोटक तयार करणे हा १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली अपराध आहे. आणि या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या शेजारी नागपुरातच आहे.

या तिसऱ्या प्रकारात हल्ली एक नवी भर पडली आहे : प्लास्टिकच्या नळीत कार्बाइडचे खडे आणि पाणी घालून वायू पेटविण्याची 'तोफ'. डुकरे पळविण्यासाठी शेतात ती आली, आणि शेतातून मुलांच्या हाती गेली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागांत या नळ्यांमुळे पुष्कळ मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. वायू लवकर पेटला नाही की मूल नळीत डोकावून पाहते. अपघात त्याच क्षणी होतो. गुरुजनांना माझी विनंती आहे की दिवाळीच्या सुटीपूर्वी वर्गात याविषयी पाच मिनिटे बोलावे. मुले घरी जाऊन वडिलांना सांगतात, आणि वडील मुलांचे ऐकतात. आमचे ऐकत नाहीत.

तर मग निवड कशी करावी? ठासणीच्या बंदुकीस कारखान्यात तयार झालेली, परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेली, मूळ डब्यातील काळी दारूच घालावी. ती नसेल, तर बंदूक खुंटीला राहू द्यावी आणि डबा वाजवावा, शेकोटी पेटवावी, चार जणांनी मिळून जागल करावी. एक रात्र पीक गेले तर पंचनाम्याचा अर्ज ताबडतोब वन विभागाकडे करता येतो. फुटलेल्या नळीने गेलेल्या डोळ्याचा पंचनामा करून तो डोळा परत येत नाही.

आता काळी दारूच घेतली, तरी वापरण्याच्या काही रीती आहेत. दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतू नये. आधी मापात घ्यावी, डबा बंद करून बाजूला ठेवावा, मग माप नळीत रिकामे करावे. मागच्या बाराची ठिणगी नळीत उरलेली असली आणि हातात उघडा डबा असला, तर पेट थेट डब्यापर्यंत जातो. भरताना नळीचे तोंड आपल्या तोंडासमोर नसावे. गजावर दोन खुणा कोराव्यात : एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आत सोडून पाहिला की अंधारातही बोटाने कळते की बंदूक भरलेली आहे की नाही. ही खूण नसल्याने लोक भरलेल्या बंदुकीत पुन्हा बार भरतात; काही वेळा पहिला बार आठवड्यापूर्वीचा, दुसऱ्याच कोणी भरलेला असतो. घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. ओलसर दारू उशिराही उडते.

आमच्या भागापुरती आणखी एक बाब. बोळ्याची चिंधी जळत बाहेर पडते. माघ-फाल्गुनात वाळलेल्या पऱ्हाट्या, कडब्याची गंजी, वेचून ठेवलेला कापूस यांच्याजवळ नुसत्या आवाजासाठी काढलेला बारही आग लावू शकतो. डुकरापासून वाचविलेले पीक अशा रीतीने आपणच जाळावे, यासारखे दुर्दैव नाही.

साफसफाईबद्दल नव्या मंडळींची एक गैरसमजूत असते की लोखंडाला पाणी लावू नये. काळ्या दारूच्या बाबतीत उलट आहे. तिचे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. बार काढला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी, कोरड्या चिंध्यांनी स्वच्छ पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा. नुसते तेल लावले तर क्षार तेलाखाली सुखाने बसून आपले काम करीत राहतो. दारूचा डबा चुलीपासून दूर, कुलपात, थोड्या प्रमाणात. टोप्या दुसऱ्या जागी. बंदूक भरून घरात आणू नये, हे तर सांगणे नलगे, पण घडते नेमके हेच.

सरकारी बाजूच्या मंडळींसाठी दोन शब्द. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत गणले जातात. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यास मारण्यासाठी त्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक कागद जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा, दुसरा वन विभागाचा. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. शिवाय टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपले नाव वन विभागाकडे नोंदवावे लागते. त्या परिघात नवा परवाना द्यावयाचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती आवश्यक असते. अनेक ग्रामपंचायतींना हे ठाऊक नसल्याने शेतकरी वर्षभर चुकीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. सदस्यांनी अर्ज लिहून देतानाच ही गोष्ट तपासावी. लग्नात, वरातीत वा दसऱ्याला हर्षाचे बार काढणे हाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाखाली स्वतंत्र अपराध झाला आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे, तिचे उत्तर देऊन थांबतो. एका शिक्षकबंधूंनी विचारले आहे की गावातील एका जुन्या वाड्यात वडिलोपार्जित तोड्याची बंदूक आणि दारूचे भरलेले शिंग सापडले आहे. ते शाळेच्या प्रदर्शनात ठेवता येईल काय? कायद्याच्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, किंवा दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा शस्त्रांना सवलत आहे. पण अमुक बंदूक त्यात मोडते की नाही, हे आपण ठरवावयाचे नसते. प्रथम पोलीस ठाण्यास लेखी कळवावे. बंदुकीच्या नळीत कोणी डोकावू नये, कान साफ करण्यासाठी तार घालू नये; शंभर वर्षांपूर्वीचा बार आत असू शकतो आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या वर्षांनीही पेटते. शिंगाचे झाकण उघडू नये, ते उन्हात ठेवू नये, विहिरीत टाकू नये, पेटवून 'चांगली आहे का' हे पाहू नये. मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. ठाण्याची माणसे येईपर्यंत दाराला कुलूप लावावे आणि किल्ली मुख्याध्यापकांनी स्वतःजवळ ठेवावी.